घरात मोबाईल एकच असतो तेव्हा

जूनमधल्या पहिल्या पालकसभेत मी दरवर्षी एकच गोष्ट सांगायचे : मुलांच्या हातात मोबाईल किती वेळ असतो त्यावर लक्ष ठेवा. यंदा मागच्या बाकावरची एक आई उठून उभी राहिली. "मॅडम, घरात मोबाईल एकच आहे. दिवसा मी विड्या वळत बसते तेव्हा पोराकडं, संध्याकाळी पोरीकडं, रात्री ह्यांच्याकडं. मग कुणाचा वेळ मोजू?"

बाकीच्या आयांनी माना डोलावल्या, कारण प्रश्न सगळ्यांचाच होता. मला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही.

मी सोलापूरच्या पूर्वभागात शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलांचे वडील यंत्रमागावर असतात, आया घरी विड्या वळतात किंवा टॉवेलच्या शिलाईला जातात. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि उर्दू. मुलं आणि मोबाईल या विषयावर मी जे काही वाचत आले ते सगळं असं धरून चालतं की मुलाला स्वतःचा मोबाईल आहे, स्वतःची खोली आहे आणि आईबाबांकडे वेगळा मोबाईल आहे. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आणि हे फक्त आमच्याकडे आहे असंही नाही. ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता, पण स्वतःचा मोबाईल असलेली मुलं त्यांच्यात निम्म्याहूनही बरीच कमी होती. म्हणजे बहुतेक मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर वाढतायत. सल्ला मात्र उरलेल्यांसाठी लिहिलेला असतो. म्हणून हा लेख एका मोबाईलच्या घरासाठी.

ॲपला वाटतं, समोर बाबाच बसलेत

पहिली गोष्ट समजून घ्यायची ती ही : मोबाईलला माणूस दिसत नाही, खातं दिसतं. खातं बाबांच्या नावाचं, वय ४२. त्या खात्यावर अकरा वर्षांचा मुलगा दोन तास बसला तरी ॲपच्या लेखी तो ४२ वर्षांचा पुरुषच.

याचा परिणाम मोठा आहे. सप्टेंबर २०२४मध्ये इन्स्टाग्रामनं किशोरवयीन मुलांसाठी वेगळी खाती जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ती भारतातही आली. अशा खात्यावर मुलाचं प्रोफाइल आपोआप खासगी राहतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना बंद असतात आणि १६ वर्षांखालच्या मुलाला ही बंधनं सैल करायची तर पालकांची परवानगी लागते. चांगली सोय आहे. पण ती मुलाच्या जन्मतारखेवर उभी आहे. बाबांच्या खात्यावर यातलं काहीच लागू होत नाही.

कायद्याचंही तेच. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे. मुलाची माहिती वापरायची तर पालकांची संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत, असं तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि अंमल टप्प्याटप्प्यानं व्हायचा आहे. तो पूर्ण लागू झाला तरी बाबांच्या खात्यामागे बसलेलं मूल त्याला कसं दिसणार?

आणि ज्या मुलांनी स्वतःचं खातं उघडलंय त्यांनी बहुधा जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, कारण या ॲपना किमान वय १३ लागतं. दहाव्या वर्षी कुणी स्वतःला अठराचं दाखवलं, तर खरोखर तेरावं लागेल तेव्हा ॲपच्या हिशेबात तो एकवीस वर्षांचा झालेला असतो. किशोरांसाठीचं संरक्षण त्याला कधीच मिळत नाही. मुलांना हे कुणी समजावलेलंच नसतं. मी वर्गात फळ्यावर ही बेरीज मांडली तेव्हा दोघातिघांनी मधल्या सुट्टीत येऊन हळूच विचारलं, "मॅडम, तारीख आता बदलता येते का?" सेटिंगमध्ये बदलता येते. कधी ॲप पुरावा मागतं. पण बदलावी.

कांडी न संपणारा माग

रील कुठली दाखवायची हे कसं ठरतं, हे मुलांना सांगायला मला गड्ड्याची जत्रा उपयोगी पडते. जानेवारीत होम मैदानावर दुकानं लागतात. खेळण्याच्या दुकानातला अनुभवी माणूस तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पोराचे डोळे कुठं थांबले ते बघतो. डोळे बंदुकीवर थांबले की बंदूक पुढे करतो. ॲप हेच करतं. तुम्ही लाइक केलं का, एवढंच ते मोजत नाही. कुठल्या रीलवर किती सेकंद थांबलात, कुठली पुन्हा पाहिलीत, कुठली झटकन सरकवलीत, हे सगळं मोजतं. म्हणून "मी तर नुसतं बघत होतो" असं म्हणणाऱ्या मुलालाही तीच तीच वस्तू पुढे येत राहते. किळस आली म्हणून थांबलात तरी ते थांबणंच.

एका मोबाईलच्या घरात याला आणखी एक फाटा फुटतो. रात्रपाळीहून आलेल्या वडिलांनी जे पाहिलं त्याचा माग धरून पुढच्या रील सकाळी मुलाच्या हातात येतात. यात वडिलांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. मोठ्या माणसानं मोठ्यांचं पाहणं गैर नाही, पण मोबाईल दोघांची आवड एकाच पोत्यात भरतो.

आता मुलं थांबत का नाहीत? आमच्या मुलांना माग माहीत आहे. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो, कामगार नवी कांडी घालतो, तेवढ्यात पाठ सरळ करतो, पाणी पितो. पूर्वी इंटरनेटच्या पानालाही शेवट असायचा, खाली 'पुढचं पान' असं लिहिलेलं असायचं. २००६मध्ये आझा रस्किन नावाच्या अमेरिकन माणसानं पान आपोआप पुढे वाढत जाईल अशी रचना केली. आपल्या या कामाचा त्यानं नंतर जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला आहे. रीलमध्ये कांडी संपणं ठेवलेलंच नाही. शिवाय प्रत्येक रील चांगली नसते. चार भिकार, मग एक भन्नाट. पुढची कशी असेल हे माहीत नसणं हेच बोटाला ओढतं. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी तीच कृती अधिक चिवटपणे करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं.

हे समजल्यावर मुलावरचा आपला राग थोडा निवळतो. 'याला मनावर ताबाच नाही' असं म्हणण्याआधी समोरची वस्तू कशी बनवली आहे ते पाहायला हवं. मोठ्यांचा तरी ताबा कुठं राहतो?

एकाच मोबाईलवर काय करता येतं

मुलाच्या मोबाईलवर लक्ष ठेवायला गूगलचं फॅमिली लिंक हे ॲप चांगलं आहे, पण ते मुलाच्या वेगळ्या मोबाईलसाठी बनवलेलं आहे. आपल्या कामाची गोष्ट वेगळी : बहुतेक अँड्रॉइड मोबाईलच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ॲप पिनिंग किंवा स्क्रीन पिनिंग असं काहीतरी असतं, कंपनीनुसार नाव थोडं बदलतं. ते सुरू केलं की मुलासमोर तुम्ही उघडून दिलेलं एकच ॲप राहतं, आणि पिन मागण्याचा पर्यायही तिथंच चालू केला तर बाहेर पडायला पिन लागतो. अट अशी की तो पिन मुलाला माहीत नसावा. आणि आमच्याकडे नेमकं उलट आहे. मोबाईल आणल्यावर चालू करून देणारं, पिन ठरवणारं, आईला मेसेज वाचून दाखवणारं घरातलं मूलच असतं. तेव्हा पहिलं काम, पिन बदलणं. आईनं स्वतः बदलायचा, स्वतः लक्षात ठेवायचा.

यूट्यूबवर मुलासाठी वेगळं खातं जोडता येतं, लहानग्यांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळं ॲप आहे. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं बंद करता येतं. एवढं केलं तरी कांडी संपायला लागते.

व्हॉट्सॲपमध्ये अनोळखी माणूस आपल्याला कुठल्याही ग्रुपमध्ये घालू शकणार नाही अशी सोय आहे, प्रोफाइलचा फोटो फक्त ओळखीच्यांना दिसेल अशीही आहे. दोन्ही आजच करा.

पैशाचं वेगळं सांगते, कारण आमच्याकडे रडत आलेल्या आया बहुतेक याच कारणानं आल्या. यूपीआयचा पिन मुलांना पाठ असतो. तो बदलला तरी यूपीआय लाइट चालू असेल तर लहान रकमा पिन न टाकताच जातात. भाजीवाल्याकडे सोयीचं आहे, गेम खेळणाऱ्या पोराच्या हातात नाही. मोबाईल मुलांकडे राहत असेल तर ते बंद ठेवा. आणि मुलांकडून वदवून घ्या : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं कायदा करून बंदी घातली, तरी लिंका येतच असतात. कुणी "तुझ्या नाहीतर पप्पांच्या खात्यात पैसे येतील, पुढे पाठव, थोडे तुला ठेव" म्हणालं तर ते लुटीचे पैसे असतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

धमकी चालते ती गप्प बसण्यावर

आता मला ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येते.

आठवीतली एक मुलगी. हुशार, बोलकी, अचानक गप्प झाली. तीन आठवडे मी आजार समजत होते. एक दिवस शाळा सुटल्यावर थांबली. आईच्या मोबाईलवर ती गेम खेळायची, गेममध्येच बोलायची सोय होती, तिथं ओळख झालेल्या 'मुलीनं' नंबर मागितला. मग फोटो. हिनं गणवेशातला साधा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवशी मेसेज : या फोटोचं घाण चित्र बनवून तुझ्या गल्लीत पाठवतो, नाहीतर पैसे दे.

मी विचारलं, घरी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "पप्पा मोबाईल काढून घेतेत ना मॅडम. मग आईचं काम कसं चालणार?"

माराची भीती तिला होतीच. त्याहून मोठी भीती ही होती की घराचा एकुलता एक मोबाईल आपल्यामुळे बंद होईल, मामाचा फोन येणार नाही, मजुरीचा मेसेज येणार नाही, धाकट्याचा गृहपाठ अडेल. तेरा वर्षांची पोर घराचं नुकसान टाळायला तीन आठवडे एकटीनं धमक्या सोसत होती. धमकी देणाऱ्याचं खरं भांडवल हेच असतं, फोटो नव्हे. ही मुलगी कुणाला सांगणार नाही या खात्रीवर त्याचं सगळं चालतं. आणि ती खात्री त्याला आपण देतो, "पुन्हा काही झालं तर मोबाईल बंद" असं म्हणून.

असं झालं तर काय करायचं? पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. विनवण्या करत बसायचं नाही. रागानं सगळं डिलीट करायचं नाही, तो पुरावा असतो. समोरच्याचा नंबर, प्रोफाइल, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढायचे, मग ब्लॉक करायचं. आणि मोठ्या माणसाबरोबर पोलीस ठाण्यात जायचं. हद्द कुठली हे पोलिसांनी आधी विचारायचं नसतं, गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. केंद्र सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर महिला आणि मुलांबद्दलची तक्रार नाव न देताही करता येते. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच क्षणी फोन करायचा, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी अडवता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. मूल फार खचलं असेल तर मानसिक आधारासाठी १४४१६, टेली मानस.

मुलाचं अश्लील चित्र वापरण्याची धमकी देणं, चित्र खरं असो की बनावट, हा २०१२च्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. अशी घटना कळलेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवणं त्याच कायद्यानं बंधनकारक आहे. यात शिक्षक आले, मुख्याध्यापक आले. शाळेचं नाव खराब होईल म्हणून आपापसात मिटवणं हाच वेगळा गुन्हा होतो.

फोटो आधीच बाहेर गेला असेल तर 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, १८ वर्षांखालच्यांसाठी. ती कशी चालते हे मुलांना सांगितलं की त्यांना धीर येतो. अंगठ्याचा ठसा घेतात तसा त्या फोटोचा एक आकडी ठसा आपल्याच मोबाईलवर तयार होतो. फोटो कुठंही जात नाही, फक्त तो ठसा जातो. यात सामील असलेल्या कंपन्या आपल्याकडे त्या ठशाचा फोटो दिसला की काढून टाकतात.

दुसऱ्या कुणाचा तसा फोटो वर्गाच्या ग्रुपवर आला तर? इथं मुलं आणि शिक्षक दोघंही चुकतात. "मॅडम, हे बघा" म्हणून तो फोटो मला पाठवायचा नाही. पाठवणं हा गुन्हा आहे, चांगल्या हेतूनं सुद्धा ते टाळायचं. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असं साहित्य मोबाईलवर बाळगणंही गुन्हा ठरू शकतो हे स्पष्ट केलं. पाठवणाऱ्याचं नाव, ग्रुप आणि वेळ लिहून घ्यायची आणि लगेच मोठ्यांना सांगायचं.

त्या मुलीच्या आईला मी घरी जाऊन भेटले. आई मोठ्यानं रडली, पण मारलं नाही. तिघी मिळून पोलीस ठाण्यात गेलो.

शाळेनं आधी आपलं घर आवरावं

मोबाईल मुलांच्या हातात आला तो फक्त खेळातून आला नाही, अभ्यासातूनही आला. आमच्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्याचा अभिमान मला आहे. कोड उघडायला मोबाईल लागतो, आणि तो उघडून दिल्यावर मूल पाच मिनिटांनी कुठं पोचतं हे पाहणं शाळेचंही काम आहे.

पण आपण शाळा काय करतो? रात्री नऊ वाजता ग्रुपवर गृहपाठ टाकतो आणि सकाळच्या परिपाठात मोबाईलपासून दूर राहा म्हणून सांगतो. गृहपाठ फळ्यावर लिहावा, वहीत उतरवून द्यावा. वर्गाच्या ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर सगळ्यांना दिसतो, पन्नास घरांना. व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीतला सूचनांचा ग्रुप वापरला तर नंबर एकमेकांना दिसत नाहीत. स्नेहसंमेलनातले मुलींचे फोटो नावासकट फेसबुकवर टाकण्याआधी आईवडिलांना विचारावं. हे मी स्वतः केलेलं नाही असं नाही. आता थांबवलंय.

दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५मध्ये शाळेतल्या मोबाईलबद्दल मार्गदर्शक सूचना देताना सरसकट बंदी व्यवहार्य नाही असं म्हटलं, पण वर्गात मोबाईल वापरू देऊ नये आणि मुलांना ऑनलाइन वागण्याचं शिक्षण द्यावं असं सांगितलं. मला हे पटतं. 'असर'च्याच पाहणीत समाजमाध्यमं वापरणाऱ्या मुलांपैकी प्रोफाइल खासगी करणं साधारण ५५ टक्क्यांना जमत होतं, ब्लॉक किंवा तक्रार करणं ६२ टक्क्यांना. म्हणजे जवळजवळ निम्मी मुलं रस्त्यावर गाडी चालवतायत आणि ब्रेक कुठं आहे ते त्यांना ठाऊक नाही. याला एक तास पुरतो. आम्ही तो संगणकाच्या तासाला घेतला. प्रात्यक्षिक माझ्या मोबाईलवर, वहीत उतरवून.

पालकांपर्यंत पोचायचं तर त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या भाषेत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, सकाळी अकराच्या सभेला आली की त्या आईचा दिवस बुडतो. आता सभा आम्ही संध्याकाळी सातला घेतो आणि सूचना मराठीसोबत तेलुगूतून सांगतो, सांगायला नववीतल्या मुलीच उभ्या राहतात.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२मध्ये रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली, साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. गिरणीच्या भोंग्यावर पिढ्यान्‌पिढ्या उठलेल्या सोलापुरात हे कुणाला वेगळं समजवावं लागत नाही. पण घरात हा नियम चालतो तो वडिलांनीही मोबाईल फळीवर ठेवला तर. झोपायच्या खोलीबाहेर मोबाईल ठेवा हा सल्ला एका खोलीच्या घरात निरुपयोगी आहे. फळीवर, चार्जिंगला, अंथरुणावरून हात पोचणार नाही इतका उंच, हे जमतं. किशोरवयीन मुलाला ८ ते १० तास झोप लागते, आणि ती कुठल्याही स्क्रीन टाइमच्या हिशेबापेक्षा मला महत्त्वाची वाटते.

या सत्रात आम्ही मुलांच्या डायरीत एक छोटी चिठ्ठी चिकटवली. वर १९३०, १०९८, १४४१६. खाली दोनच ओळी, मराठीत आणि तेलुगूत : 'मोबाईलवर काही वाईट घडलं आणि तू आम्हाला सांगितलंस, तर आम्ही मोबाईल काढून घेणार नाही. आधी तुझं ऐकून घेऊ.' त्याखाली आईची आणि वडिलांची सही किंवा अंगठा.

आयांच्या सह्या लवकर आल्या. वडिलांच्या रखडल्या. एकांनी विचारलं, "मग धाक कशाचा राहणार?" मी म्हटलं, धाक राहू दे, पण सांगायला आलेल्या लेकराला नको. त्यांनी सही केली, पटून की माझ्याकडे बघून, माहीत नाही. अजून सात चिठ्ठ्या कोऱ्या आहेत. ती घरं रात्रपाळीची आहेत, रविवारी सकाळी जाणार आहे.